ज्योत्स्नाबाईंची पोकळ भिंत

सदर इसम नामे ज्योत्स्ना पवन ओव्हाळ, स्त्री, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, राहणार तुंगार्ली, लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे. बांधा मध्यम. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्याचे नख हातोडीने दोनदा गेलेले व दोनदा परत आलेले. व्यवसाय : देहूरोड येथील डेपोत लाकडी पेट्या ठोकणे. नेमणूक पतीच्या पश्चात अनुकंपा तत्त्वावर. अनुकंपा कोणाची, हे आदेशात नमूद नाही. शिक्षण : दहावी, दुसऱ्या प्रयत्नात. बांधकामाचा पूर्वानुभव : खोकी. सदर इसमाने स्वतःच्या जागेत स्वतःच्या देखरेखीखाली घर बांधले असून पश्चिमेकडील भिंतीत जाणूनबुजून पोकळी ठेवली आहे, तसेच कौलांतून एक लाकडी खिडकीवजा आकार बाहेर काढला आहे. त्याचे प्रयोजन विचारले असता इसमाने "तळं बघायला" असे उत्तर दिले. बांधकाम वास्तव्यास योग्य असल्याबाबत शंका आहे.

हे वर्णन कुठल्याही कार्यालयाने केलेलं नाही. पण ज्योत्स्नाच्या गल्लीत कुणालाही तिच्या घराबद्दल विचारलं तर माणूस थोडा ताठ उभा राहून साधारण याच भाषेत बोलायला लागायचा.

त्या लाकडी आकाराला इंग्रजीत डॉर्मर म्हणतात. गल्लीत त्याला कबुतरखाना म्हणत. उतरत्या छपरातून पुढे आलेली उभी खिडकी, तिच्या अंगाला लाकडी भिंती आणि डोक्यावर स्वतःचं छोटं छप्पर. लोणावळ्याच्या जुन्या बंगल्यांना अशा खिडक्या असायच्या. तसल्याच एका बंगल्यात ज्योत्स्नाच्या आईची, शकुबाईची, सारी उमर झाडलोट करण्यात गेली. ती मागच्या खोलीत राहायची. वरच्या खिडकीतून तळं दिसतं हे शकुबाईला पक्कं माहीत होतं, कारण ती काच तीच पुसायची. पुसता पुसता दिसेल तेवढं दिसायचं. खिडकीशी बसायला वेताची खुर्ची होती, पण ती शकुबाईसाठी नव्हती, आणि त्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं, शकुबाईचं धरून.

मग बंगला विकला गेला. शकुबाईला धाकटा मुलगा संदेश वराळ्याला आपल्या घरी घेऊन गेला आणि बंगल्यावर पाडणारे आले. सुट्टीच्या दिवशी ज्योत्स्ना बघायला गेली. जिथे आपला जन्म झाला ते पाडताना माणूस बघायला जातोच. तिथे त्याचा सातबारा नसला तरी.

तिथे तिला एक गोष्ट दिसली. पश्चिमेची भिंत, जिच्यावर घाटातून चढलेला पाऊस जूनपासून आडवा मारतो, ती एक भिंत नव्हती. दोन होत्या. बाहेर एक, आत एक, मध्ये चार बोटं मोकळी जागा. बाहेरच्या विटा शेवाळाने काळ्या पडलेल्या, आतल्या जशा भट्टीतून काढल्यात तशा लाल. मधल्या जागेत कोळ्याचं जाळं होतं आणि जाळ्यावर धूळ. तुंगार्लीत वर्षानुवर्षांची कोरडी धूळ ही चैनीची गोष्ट आहे. ज्योत्स्नाने तिच्यावरून बोट फिरवून बघितलं, आणि मुकादमाला विचारलं, "त्या वरच्या खिडकीचं सागवान कुठं जाणार?"

"जळनाला न्हाईतर भंगारात. का हो मावशी?"

"मला पाहिजे."

ज्योत्स्ना घर बांधणार होती ती जागा उताराची होती. त्याचा एक फायदा होता : टेकडीच्या बाजूने आलं की जिना न चढता सरळ वरच्या खोलीत शिरता यायचं. गुडघे गेलेल्या बाईला तळं बघायचं असेल तर घर असंच हवं, असं ज्योत्स्नाने ठरवलं. शकुबाईला मात्र विचारलं नाही.

गवंडी म्हणून तिने वराळ्याचे कोंडाजी गराडे गाठले. कोंडाजीआबांची भातखाचरं बहुतेक इमारतींखाली गेली होती आणि त्यांतल्या बऱ्याच इमारतींच्या भिंती आबांनीच उभारल्या होत्या. आपल्याच शेतावर त्यांनी इतकं सरळ काम केलं होतं की ओळंबा लावणारा इंजिनियर लाजावा, असं ते स्वतः सांगत.

"दोन भिंती व्हय?" आबा म्हणाले. "बरं. आन् मधी काय भरायचं?"

"काही नाही."

"काय न्हाई म्हंजी?"

"काही भरायचं नाही, आबा. मोकळं ठेवायचं. जागोजागी तारेचे आकडे टाकून दोन्ही भिंती एकमेकींना धरून ठेवायच्या, बास."

आबांनी थापी खाली ठेवली. "बाई, आमच्या बापानं बांधलेल्या भितीला म्हस अंग घासायची, भित हालली न्हाई. पोकळ काम ठेकेदार करत्यात. आमी गवंडी हाय."

"घर माझं आहे ना? मी सांगते तसं बांधा."

"बांधतो की. मला काय!"

मराठीत "मला काय" याचा अर्थ "मला सगळंच काही" असा होतो, हे ज्योत्स्नाला एरवी ठाऊक होतं. पण तिला सकाळची गाडी पकडून देहूरोड गाठायचं असायचं. संध्याकाळी परतल्यावर ती भिंत बाहेरून बघायची, आतून बघायची. दोन्हीकडून भिंत नेकीने उभी असायची.

लाकूडकाम तिने स्वतः केलं. जुन्या सागवानातून डॉर्मरचा सांगाडा उभा केला आणि त्याचा दासा, म्हणजे खालची आडवी तुळई, आतल्या भिंतीच्या माथ्यावर बसवून लोखंडी पट्ट्यांनी आवळली. विटेची ओल लाकडात चढू नये म्हणून मध्ये जाड प्लास्टिक घातलं. खरा प्रश्न पुढचा होता : लाकडी भिंत संपते आणि विटेची सुरू होते, त्या सांध्यावर काय? तिने पत्रा वाकवून सांधा झाकला. वरची कड लाकडाला ठोकली, खालची विटेला. जवळ जवळ खिळे, दोन्हीकडे करकचून. डेपोत तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की पेटी गडगडत गेली तरी काहीही हलता कामा नये. घर ही मोठी पेटीच, असं तिचं मत होतं.

जूनमध्ये शकुबाई राहायला आली. घरात बुद्धवंदना झाली, खीर झाली. खिडकीशी नवी खुर्ची मांडली होती. शकुबाई तिच्यात बसली आणि बाहेर बघत राहिली. बाहेर धुकं होतं. लोणावळ्याला पाऊस लागला की तळं आठवडेच्या आठवडे दिसत नाही.

"दिसत नाही गं आई आत्ता," ज्योत्स्ना ओशाळून म्हणाली.

"तितं हाय नव्हं? मग बास. ते काय कुटं जातंय!"

आषाढात खिडकीखाली भिंतीवर डाग उठला. आधी बशीएवढा, मग परातीएवढा. ज्योत्स्नाने बाबासाहेबांची तसबीर दुसऱ्या भिंतीवर नेली. डाग तसबिरीच्या जागेपर्यंत चढला. शकुबाईला त्यात काही वावगं दिसलं नाही. जन्मभर ओल्या खोलीत राहिलेल्या माणसाला भिंत अशीच असते असं वाटतं. ती त्याच भिंतीला टेकून तांदूळ निवडायची आणि उठली की लुगडं पाठीला चिकटलेलं असायचं. एके दिवशी ती खोकायला लागली आणि थांबेना. तळेगावला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून संदेशने तिला परस्पर वराळ्याला नेलं.

"ताई, राग मानू नकोस," तो म्हणाला. "वीट आणि लाकूड एकत्र नांदत नाही, मी पहिल्यापासून सांगतोय. तो कबुतरखाना काढ, स्लॅब टाक."

"सांधा चुकलाय. सांधा दुरुस्त करते."

"कर. पण पुढच्या पावसात भिंत ओली दिसली तर आई परत येणार नाही. तूही बोलवायचं नाही."

"आणि कोरडी दिसली तर?"

"मी स्वतः आणून सोडतो."

वराळ्याच्या घरात शकुबाई दोघांच्या मधल्या खाटेवर बसून औषधाच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलत होती. तिला कुणी विचारलं नाही. दोन्ही मुलांना ती सवय तिनेच लावली होती.

त्या पावसाळ्यात उरलेले दिवस ज्योत्स्ना सांध्यावर बाजारात मिळेल ते फासत होती. डांबर झालं. मग ज्याच्या डब्यावर छत्रीवाली बाई आहे ते रसायन झालं. मग सिमेंट. डाग छत्रीवाल्या बाईला भ्याला नाही. शेजारची लीलाबाई कुंपणापाशी येऊन बघायची आणि सहानुभूतीने म्हणायची, "अगं, कबुतरं तरी राहतील का त्यात? त्यांनाही सर्दी होते म्हणतात."

"झाली तर तुमच्याकडे पाठवीन, लीलाबाई. तुम्ही काढा छान करता."

दिवाळी झाली आणि भिंत वाळली. वाळलेली भिंत बघून कोणत्याही समजूतदार माणसाने विषय सोडून दिला असता. ज्योत्स्नाने छिन्नी घेतली आणि डागाच्या खाली आतल्या भिंतीच्या विटा काढल्या. हात घालून मागची मोकळी जागा चाचपायची, एवढाच तिचा बेत होता.

मोकळी जागा नव्हती. विटांचे रोडे होते, घट्ट मसाला होता. तिने आणखी विटा काढल्या. जिथे बघावं तिथे भरलेलं, आणि इतकं नीट भरलेलं की कुठे फट शोधून सापडू नये. बाहेरची वीट पाऊस पिणार हे धरलेलंच होतं. ते पाणी थांबायला मध्ये हवा ठेवायची होती. इथे तर पाण्याला आतल्या भिंतीपर्यंत पूल बांधून दिलेला होता, आणि तोही मजबूत.

मग ती शिडी लावून बाहेरून सांध्यापाशी गेली. पत्र्यावरचं डांबर खरवडलं. खालच्या कडेला प्रत्येक खिळ्यापाशी पत्रा फाटला होता आणि सगळ्या चिरा एकाच दिशेला, वरच्या बाजूला ओढल्या गेलेल्या. पावसात लाकूड फुगलं होतं आणि वीट जागची हलली नव्हती. दोघांच्या मध्ये खिळ्यांनी धरलेला पत्रा काय करणार? तो फाटला, आणि फाटक्या जागेतून सरळ भिंतीच्या माथ्यावर पाणी. हे खिळे कोंडाजीआबांनी मारलेले नव्हते. आबांवर ढकलता येईल का, याचा तिने शिडीवर उभं राहून थोडा वेळ विचार केला. मग खाली उतरली.

रविवारी ती वराळ्याला गेली. शकुबाई म्हणाली, "मी बी येते. बसून बसून आंग आंबलंय." दोघी आबांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. चहा आला.

"आबा, भिंतीत काय भरलं?"

आबा जराही दचकले नाहीत. उलट खुलले. "कळलं व्हय? म्हनलं कदी कळंल. रोडं, मसाला, समदं चांगलं भरलं बगा. तुमी सकाळच्या गाडीनं गेला का मी भरायला घ्यायचो. त्याची मजुरी बी लावली न्हाई."

"पण मी नको म्हटलं होतं!"

"तुमी बायामानूस, यकटी ऱ्हानार. उद्या भित पडली तर लोक तुमाला न्हाई, कोंडाजीला शिव्या देत्याल. पोकळीत उंदीर झालं आसतं, साप शिरला आसता. मी माज्या पोरीच्या घराला जे केलं आसतं तेच केलं."

यावर रागवावं तर कसं, हे ज्योत्स्नाला सुचेना. फसवणारा गवंडी कसा सरळ करायचा हे तिने ऐकलं होतं. पण सामान कमी घालण्याऐवजी जास्त घालणाऱ्या माणसाचं काय करायचं, याचा अनुभव तालुक्यात कुणालाच नव्हता.

"त्यामुळे पाणी आत आलं, आबा. आई दवाखान्यात होती."

आबांचा चेहरा उतरला. पण बोलले ते असं : "पानी तुमच्या लाकडातनं आलं आसंल."

"तिथूनही आलं. पत्रा मी चुकीचा ठोकला. तो माझा दोष. पण तुम्ही भरलं नसतं तर ते मधल्यामध्ये खाली गेलं असतं."

"पोकळ काम मी न्हाई करनार. दुसरा बगा."

"दुसराही भरूनच देईल. तुम्ही निदान खरं सांगता."

तेव्हा शकुबाई बोलली. चहाची बशी खाली ठेवून, आबांकडे न बघता, समोरच्या इमारतींकडे बघत.

"भाऊ, हितं तुमची खाचरं व्हती. लगीन व्हायच्या आदी मी भाताच्या आवनीला यायचे तुमच्या आईच्या हाताखाली. ध्यानात हाय?"

"हाय की. तुमी लय झपाझप लावायच्या."

"डोक्यावर इरलं आसायचं. वाकलं का पाठीवर उबं ऱ्हायाचं, पाठीला टेकायचं न्हाई. दिसभर पाऊस, पाठ कोरडी. यका वर्सी माजं इरलं मोडलं तर तुमच्या आईनं पोतं दिलं पांगरायला. चांगलं जाड पोतं. आंगाला घट्ट बसलं. दुपारपत्तुर हुडहुडी भरली."

"मग?"

"मग काय? पोतं चांगलं व्हतं, भाऊ. देनारी बी चांगली व्हती."

आबांनी बराच वेळ मिशीवर बोट फिरवलं. नातवाने टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांनी कमी करायला सांगितलं, मग परत वाढवायला सांगितलं.

"येतो," ते शेवटी म्हणाले. "पन यक आट हाय. ही भित कुनी बांदली म्हनून कुनी इचारलं तर माजं नाव सांगायचं न्हाई."

"नाही सांगणार."

"लीलाबाईला तर बिलकूल न्हाई."

या वेळी ज्योत्स्नाने रजा काढली. आबांवर विश्वास होता. पण रजाही शिल्लक होती. डॉर्मर आतल्या भिंतीवर उभा होता, त्यामुळे त्याच्या खालची बाहेरची भिंत उतरवता येत होती. आबांनी आपल्याच हाताचं काम आपल्याच हाताने फोडलं. एकेक रोडा काढताना ते तो आधी डोळ्यांसमोर धरून बघत, म्हणत, "ह्यो बगा कसा बसला व्हता," आणि मग टाकत. काम खरोखरच इतकं पक्कं होतं की ठरवलेल्याच्या दुप्पट वेळ लागला. आबांना त्याचं समाधान लपवता येत नव्हतं.

भिंत पुन्हा चढायला लागली तेव्हा थापीवरचा मसाला मधल्या जागेत पडायला लागला. ज्योत्स्नाने एक लाकडी पट्टी दोन दोऱ्यांनी पोकळीत टांगली. मसाला पट्टीवर पडायचा. थर पुरा झाला की पट्टी वर ओढायची, झटकायची, पुन्हा सोडायची.

"हे काय, लहान पोराचा लंगोट व्हय?" आबा म्हणाले.

"तेच समजा. खालचं ओलं होऊ द्यायचं नाही."

आबा खो खो हसले आणि त्यानंतर पट्टी स्वतःच ओढायला लागले. ज्योत्स्ना ओढायला गेली तर "सरका, तुमी वाकडी वडता" म्हणून तिला बाजूला करायचे.

माथ्याला तिने उतरता पत्रा घातला : त्याची मागची कड लाकडाच्या पाठीशी वर चढवलेली, पुढची बाहेरच्या भिंतीवर. चुकून आत आलेलं पाणी त्यावरून घसरावं आणि विटांच्या मधल्या फटींतून बाहेर पडावं. आबांनी त्या फटी दोनदा सवयीने बुजवल्या आणि दोनदा शिव्या देत उघडल्या, शिव्या स्वतःलाच.

सगळ्यांत शेवटी सांध्यावरचा पत्रा. नवा. वरची कड लाकडाला, लाकडाच्या फळीखाली घेऊन, पक्की ठोकलेली. खालची कड विटेवर नुसती उतरलेली, बोटभर सुटी. एकही खिळा नाही. ज्योत्स्ना हातोडी घेऊन त्या सुट्या कडेपाशी बराच वेळ उभी राहिली. डेपोतली इतकी वर्षं तिच्या मनगटात होती आणि ती खिळा मागत होती.

"काय हो, ठोकायचा न्हाई का?" खालून आबा.

"नाही."

"मग वारा वाजवील की तेला."

"वाजू दे."

जून आला. मग जुलै, आणि लोणावळ्यात पाऊस जसा पडायचा तसा पडायला लागला. डेपोतून परतल्यावर ज्योत्स्ना ओल्या चपला काढायच्या आधी भिंतीला तळवा लावायची. संदेशला फोन तिने केला नाही. पाऊस पुरता भरात येऊ दिला. मग एका रविवारी, जेव्हा घाटात ढग रस्त्यावर उतरले होते आणि सहलीला आलेले लोक गाड्यांतच बसून मक्याची कणसं खात होते, तिने त्याला बोलावलं. "आज ये. आजच्यासारखा पाऊस परत मिळणार नाही."

तो आईला घेऊन टेकडीच्या बाजूने आत शिरला. मोबाइलचा दिवा लावून भिंतीशी उकिडवा बसला. कोपरे बघितले, खिडकीची चौकट बघितली, नखाने रंग खरवडून बघितला. बाहेर पत्र्याची सुटी कड वाऱ्याने टकटक वाजत होती.

"हे बघ," तो म्हणाला. "हे काय आहे, ताई?"

खिडकीच्या डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, ओला पट्टा होता. ताजा. पाणी ओघळून खाली येत होतं.

ज्योत्स्ना जवळ गेली. तिने बोट लावलं. ओलं. बोट वर वर नेलं, वर कोरडं. सांध्यापाशी कोरडं, चौकटीखाली कोरडं. वरून आलं नव्हतं तर पाणी आलं कुठून? ती वळली आणि भावाकडे बघत राहिली.

"संदेश."

"काय?"

"रेनकोट काढ."

त्याने मागे वळून स्वतःच्या पाठीकडे बघायचा प्रयत्न केला, जो कुणालाच जमत नाही. आल्या आल्या तो ओल्या रेनकोटनिशी तिथेच भिंतीला टेकून बूट काढत होता. शकुबाईला हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि दोन्ही मुलं एकदम तिच्याकडे बघायला लागली.

"खोकला न्हाई रं. हसतीय मी," ती म्हणाली. "सरा दोगं बी."

तिने खुर्ची बाजूला सारली, खाली बसली, खिडकीखालच्या भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटले. संदेश रेनकोट हातात धरून उभा. ज्योत्स्ना उभी. लुगड्यातून ओल जाणवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा शकुबाईने घेतला. वर आणखी थोडा घेतला.

"जोसने," तिने डोळे न उघडता विचारलं, "दुपारी काय करतीस जेवाया?"

आठवड्याने कोंडाजीआबा काही काम नसताना येऊन गेले. त्यांनी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवली. पोकळ आवाज आला. त्यांनी असा चेहरा केला, जसा लोक पंचनाम्याच्या वेळी करतात. तेवढ्यात लीलाबाई कुंपणापाशी आली आणि हे काम कोणाचं म्हणून विचारलं. ज्योत्स्नाने शब्द पाळला. आबा दोनदा खाकरले, इकडेतिकडे बघितलं, आणि मग त्यांना राहवलं नाही. "कुनाचं म्हंजी?" ते म्हणाले. "मावळात दुसरं कोन हाय?"

सदर बांधकाम वास्तव्यास योग्य आहे किंवा कसे, याबाबत सक्षम प्राधिकाऱ्याचा अभिप्राय प्रतीक्षेत आहे. वराळ्याच्या घरात शकुबाईच्या खाटेवर आता कपडे वाळत घालतात.